मागच्या दाराशी सायकल

आमच्या घरातली मागची खोली उघडायची तर आधी हात धुवावे लागतात. नियम वन्संचा. हात धुवायचे, कोरडे करायचे, अंगठी काढून ठेवायची, मग आत. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, आत देवघर असणार. आत एक राखाडी लोखंडी कपाट होतं, भिंतभर बुटांचे खोके होते आणि डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

खोक्यांत 'तिसरा मजला' होता. हा चौघांचा बँड. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सराव करायचे, तेच नाव पडलं. मोठ्या कंपन्यांनी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाचे उंबरे झिजवले नाहीत. शंभर-दीडशे माणसांच्या सभागृहांत गायचे, आपल्या कॅसेटी आपणच दाराशी उभं राहून विकायचे. चौदा वर्षांनी ते थांबले. वन्सं थांबल्या नाहीत.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचं काम त्यांचं, त्यामुळे हात असे की कागदालाही दुखू नये. प्रत्येक तिकीट बटरपेपरच्या पाकिटात. वर्तमानपत्रातली कात्रणं डिंकाने चिकटवलेली नाहीत, चार कोपऱ्यांना चिरा पाडून बसवलेली. गिटारची तुटलेली तार औषधाच्या बाटलीत. गाण्यांचा क्रम लिहिलेला एक कागद, त्यावर बुटाचा ठसा, आणि खाली वन्संच्या अक्षरात: 'गायक, डावा पाय.' मी पहिल्यांदा हसले होते. दुसऱ्यांदा नाही हसले. रोज पहाटे उठून एकच पोथी पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या माझ्यासारख्या बाईने या कागदाला काय म्हणून हसायचं?

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी एक मुलगी आली. चोवीसेक वर्षांची, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. बँडच्या ढोलवाल्याची मुलगी. वन्सं तिला दारातच बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आधी हात धू."

ढोलवाल्याला सगळे अबोलराव म्हणायचे. त्याच्या तोंडून शब्द निघाला तर गिटारची तार तुटेल, अशी थट्टा चालायची. ही मुलगी अकरा महिन्यांची असताना तो तापाने गेला.

"मला बाबांचा आवाज ऐकायचाय," ती म्हणाली. "वाजवणं नाही, ते ऐकलंय. बोलणं. आईकडे फोटो आहेत. आवाज कुठेच नाही. गायककाकांकडे गेले, तर ते म्हणाले, आमचं आमच्याकडे काही नाही गं, सगळं त्या बाईंकडे आहे."

वन्संचा चेहरा उजळला. ज्यांच्यासाठी एवढं जपलं, त्यांनीच नाव सांगितलं होतं. त्यांनी कात्रणांची वही काढली. सत्तेचाळीस मुलाखती. मुलगी एकेक वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. "'यावर ढोलवादक नुसते हसले.' 'ढोलवादकांनी मान हलवली.' 'ढोलवादक पुन्हा हसले.'... मावशी, हे अकरा ठिकाणी नुसते हसलेच आहेत."

"टेपा आहेत ना," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या बाबांच्या काळातल्या एकशे बारा. मी स्वतः भरलेल्या."

पहिली टेप लावली. गाणं सुरू, गाणं संपलं, खट्. दुसरं गाणं सुरू. संपलं, खट्. दुसरी टेप, तसंच. सहाव्या टेपेला मुलीने विचारलं, "मधलं बोलणं कुठंय?"

वन्संनी टेप थांबवली. "मी बंद करायचे. टेप महाग होती. गाणं संपलं की लगेच बटण. बडबड टेप खाते, म्हणायचे मी." मग कपाटाकडे तोंड करून म्हणाल्या, "एकशे बारा वेळा त्याचं तोंड मीच बंद केलं गं."

मुलगी चष्मा काढून पुसत बसली.

मला एक गोष्ट माहीत होती आणि ती मी चोवीस वर्षं पोटात ठेवली होती.

एकदा वन्संचा पाय मुरगळला आणि टेप भरायला त्यांनी मला पाठवलं. लग्नाला माझ्या तीनच महिने झालेले. "वहिनी, गाणं सुरू झालं की लाल बटण, संपलं की बंद. एवढंच. जमेल?" मी हो म्हटलं. सायकलवर गेले, उशीर झाला होता, समोर जागा नव्हती, म्हणून सभागृहाच्या मागच्या दाराला सायकल टेकवून कुलूप घातलं. कार्यक्रमही उशिरा सुरू झाला. पहिल्या गाण्याला मी लाल बटण दाबलं आणि खिडकीबाहेर पाहिलं तर दिवेलागण. माझा नेम असा, की दिवेलागणीला पाऊण तास जप. त्यात बोलायचं नाही, जागचं उठायचं नाही, माळ हातातून सोडायची नाही. रेकॉर्डर मांडीवर, माळ हातात. टेप पुढे चाललीच.

घरी आल्यावर वन्संनी पहिलं गाणं ऐकलं, टाळ्या ऐकल्या, खुर्च्यांचा आवाज ऐकला आणि टेप बाहेर काढली. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चिठ्ठीवर लिहिलं: 'वहिनी. वाया.'

आणि त्या आठवड्याच्या पेपरात छापून आलं, की कुणा बेपर्वा श्रोत्याने मागच्या दारालाच सायकल लावल्याने दार उघडेना आणि सभागृहाची भट्टी झाली. ते कात्रणही वहीत आहे. दर उन्हाळ्यात वन्संना ते आठवायचं. "कोण गाढव होतं देव जाणे. सापडू दे मला." मी भाजी चिरत राहायचे.

आता मी म्हटलं, "वन्सं, ती वाया टेप आहे का अजून?"

"मी काही टाकते का कधी?" त्या म्हणाल्या. "कशाला?"

"त्यात बोलणं आहे. निदान असायला हवं."

"तुला गं काय ठाऊक?"

"ती सायकल माझी होती."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की क्षणभर मला वाटलं, उंबऱ्याबाहेर काढतात. मग कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्याशी बसल्या आणि चिमट्याने, कवळीला दात बसवायच्या चिमट्याने, एक पाकीट ओढून काढलं.

टेप लावली. पहिलं गाणं झालं. टाळ्या. खुर्च्या सरकल्या. कुणी खोकलं, ती बहुतेक मीच. आणि मग लांबून एक आवाज. जाड, थोडा घोगरा, बोलायची सवय नसलेल्या माणसाचा.

"मागच्या दाराला सायकल कुणाची आहे?"

मुलीने रेकॉर्डरवर हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"हिरवी आहे. पुढे जाळीची टोपली. काढता का जरा? मी इथे दाराला चिकटून बसलोय, माझं भरीत झालंय." लोक हसले. आवाज थांबला. कुणी उठलं नाही. मी तिथे तिसऱ्या रांगेत होते, मान खाली, मणी पुढे सरकत नव्हता. "टोपलीत भोपळा आहे. सायकलीचं सोडा, भोपळ्याचं तरी कुणी आहे का इथे?" पुन्हा हशा. गायक ओरडला, "अरे, हा बोलायला लागला." तो म्हणाला, "तू गप. घरी महिन्याची पोर आहे माझी. तीसुद्धा चार हाकांना मान वळवते. या माणसाला दहा मारल्या." मग जरा वेळ नुसती खरखर. आणि मग आवाज एकदम खाली आला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "असू दे. ज्याची असेल, तो काही मोठ्या कामात असणार. चला, घाम गाळू." चार टिपऱ्या, आणि गाणं सुरू.

खोलीत आम्ही तिघी आणि तो. इतक्या वर्षांनी त्या खोलीत कुणी पुरुष बोलला होता. त्या दिवशी मी शरमेने मेले होते, की नेमाने मला मुकं केलं आणि एक माणूस माझ्यामुळे भाजतोय. मी उठले असते तर तो तिथेच थांबला असता. पहिल्या वाक्यावर.

"'तीसुद्धा'," मुलगी म्हणाली. "ती म्हणजे मी."

"तूच," वन्सं म्हणाल्या.

"पुन्हा लावता?"

वन्संनी टेप मागे घेतली. लावायच्या आधी माझ्याकडे वळल्या. "भोपळा?"

"वाटेत स्वस्त मिळाला, वन्सं."

"आणि चोवीस वर्षं मी त्या गाढवाला शिव्या घालत होते, तर तू ऐकत होतीस."

"जेवायला वाढत होते."

त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी बटण दाबलं.

दिवेलागण झाली तेव्हा पाचव्यांदा चाललं होतं. मी हात धुतले, माझ्या कोपऱ्यात बसले, माळ घेतली. भिंतीपलीकडून तो विचारत होता, सायकल कुणाची आहे. यावेळी मुलगी त्याच्या बरोबरीने शब्द म्हणत होती, पाठ झाल्यासारखे, आणि तिचाही आवाज थोडा घोगराच होता. माळ कुठवर आली होती ते मी विसरले. मेरुमण्यापासून पुन्हा सुरुवात केली.