पाहुण्यांपुरते यजमान

ज्या बाईंकडे परदेशी पाहुणे जेवायला येत, त्यांच्या घरात एरवी त्या एकट्याच असत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूरदेशी गेला तो तिथलाच झाला. शहर दाखवणाऱ्या कंपनीतली गाईड मुलगी सकाळी पाहुण्यांना बाजारात फिरवायची, मासळीच्या ओट्यांपासून फुलांच्या गल्लीपर्यंत, आणि दुपारी बाईंकडे आणायची. बाईंच्या हाताला चव होती; पाहुणे बोटं चाटत. पण कंपनीकडून एकदा निरोप आला : आपण ‘घरच्यांसोबत जेवण’ म्हणून जाहिरात करतो आणि पाहुण्यांना घरचं माणूसच दिसत नाही. कोणाला तरी बसवा.

बाईंनी बराच विचार केला आणि समोरचं दार वाजवलं. तिथे एक शिंपी राहत. बायको गेल्यापासून खानावळीच्या डब्यावर दिवस काढणारे, तोंडातून शब्द न निघणारे. जिन्यात गाठ पडली तर “काय वहिनी” एवढं म्हणून बाजूला सरकत. बाईंनी चाचरत सांगितलं, घरचे यजमान म्हणून नुसतं बसायचं, हसायचं, जेवायचं. शिंप्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि विचारलं, शर्ट कोणता घालू?

पहिल्या दिवशी ते खरोखरच नुसते बसले. दुसऱ्या खेपेला कुणा पाहुणीने विचारलं, बाजार कोण करतं? गाईडने प्रश्न समजावून सांगितला आणि शिंप्यांना एकदम कंठ फुटला.

“मीच करतो. पण मी आणलेली वांगी हिला कधी पसंत पडलीत?”

“अहो, देठ बघून घ्यायची असतात,” बाईंच्या तोंडून आपसूक निघून गेलं.

गाईडने ते भाषांतर करून सांगितलं आणि पाहुणे पोट धरून हसले. तेव्हापासून दोघांची जीभ सैल झाली. शिंपी हक्काने “अगं, वाढ ना त्यांना” म्हणत. कधी लग्नातल्या गमती निघत, कधी प्रवासात चुकलेली गाडी. गाडी बाई आणि त्यांच्या खऱ्या नवऱ्याची चुकली होती, वांग्यांवरून भांडायची ती शिंप्यांची बायको. त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही. पाहुणे जिना उतरले की शिंपी उठत, “येतो वहिनी” म्हणत आणि आपल्या घरात जात.

एके दिवशी स्वयंपाक तयार, ताटं मांडलेली, आणि गाईडचा फोन आला. पाहुण्यांनी आदल्या दिवशी बाजारात दिसेल ते खाल्लं होतं, आता सगळे हॉटेलात पोट धरून पडले होते. तेवढ्यात शिंपी इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर. बाईंनी काय झालं ते सांगितलं. ते मागे वळले.

“जेवूनच जा,” बाई म्हणाल्या. “एवढं एकटी कुठे संपवणार मी?”

ते बसले. बाईंनी मासे वाढले, भात वाढला, स्वतःचंही ताट घेतलं. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. बाईंनी विचारलं, मीठ बरोबर आहे ना? शिंपी म्हणाले, हो, छान झालंय वहिनी. आणि ते भात कालवू लागले. बाईंना वाटत होतं, हे आता काहीतरी खोडी काढतील, निदान मासळीच्या भावावरून तरी कुरकुरतील. शेवटी त्यांनीच धीर करून म्हटलं, “ती गाडी चुकली होती ना, तेव्हा फलाटावर आम्ही दोघं...”

शिंप्यांनी दचकून वर पाहिलं. मग रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. बाईंचं वाक्य तिथेच राहिलं.

जेवण झाल्यावर, बाई नको नको म्हणत असतानाही, त्यांनी आपलं ताट स्वतः घासलं. दारात चपला घालताना ते घुटमळले.

“उद्या आहेत का पाहुणे?”

“आहेत.”

“मग उद्या बोलू,” शिंपी म्हणाले. त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला होता.

बाई “बरं” म्हणाल्या. आत येऊन त्यांनी कोरी राहिलेली ताटं एकावर एक रचली आणि फडताळात ठेवून दिली.