चिप डिलेन्सीचा अंगठा

माणसांच्या मूर्खपणाचं नवल करायचं ओडेसा टिलरीनं कधीच सोडून दिलं होतं. तरी त्या मार्च महिन्यात प्रेस्टन गॅलोवे शिवणघरात येऊन जे बोलला, ते ऐकून तिनं मशीन थांबवलं.

"चंद्रावर जाणाऱ्या यानाचं नाव आपण जनतेकडून मागवतोय, मिस ओडेसा," गॅलोवे म्हणाला. तो अंतराळ केंद्राच्या प्रसिद्धी खात्याचा प्रमुख. शर्ट कडक इस्त्रीचा, दात शर्टाहून पांढरे. "स्पर्धा! सबंध देश मतं देणार. आणि निवड समितीत तुम्ही. कामगारांचा आवाज म्हणून."

"आवाज काढायचाय की फोटो?" ओडेसानं विचारलं.

गॅलोवे हसला. तो सगळ्यालाच हसायचा.

उत्तर अलाबामातल्या त्या अंतराळ केंद्राच्या मागच्या अंगाला हे शिवणघर होतं. यानाला पांघरायच्या गोधड्या तिथे शिवल्या जात. गोधडी म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ चकचकीत फिल्मचे बावीस थर, मध्ये जाळी, वरून सोनेरी थर. चंद्रावरची थंडी आणि ऊन दोन्ही तिनंच अडवायचं. पाच बायका हे काम करत आणि बासष्ट वर्षांची ओडेसा त्यांची प्रमुख होती. यानाला कागदोपत्री एक लांबलचक क्रमांक होता. शिवणघरात त्याला 'खेचर' म्हणत, कारण ते ओझं वाहून नेणार होतं आणि त्याचा एकही कोपरा सरळ नव्हता.

समितीवर जायला ओडेसानं होकार दिला. तोंडानं कितीही टोचून बोलली तरी मनात एक नाव होतं. अर्नेस्टिन पूल. बावीस वर्षांची ओडेसा मोज्यांच्या गिरणीतून इथे आली तेव्हा अर्नेस्टिननं तिला हाताला धरून शिकवलं होतं. एक टाका वाकडा गेला की अख्खी पट्टी उसवायला लावायची. रडलीस तर बाहेर जाऊन रड, गोधडीवर पाणी पडतं, म्हणायची. एकतीस वर्षं तिनं टाके घातले आणि निवृत्त होऊन दोन वर्षांत वारली. केंद्राच्या दारात संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर अकरा संचालकांची नावं आहेत आणि चार तासांसाठी येऊन गेलेल्या एका सिनेटरचंही आहे. अर्नेस्टिनचं नाव कुठेच नाही.

तेव्हा एका शनिवारी ओडेसा गावच्या वाचनालयात गेली, तिथल्या संगणकावर बसली आणि एकेक अक्षर शोधत तिनं नाव पाठवलं. खाली दहा-बारा ओळी लिहिल्या. पाठवणाऱ्याच्या जागी भाचीचं नाव टाकलं.

एप्रिलमध्ये समिती बसली. चव्वेचाळीस हजार नावं आली होती. टेबलावर अक्रोडासारख्या पीकानची पेस्ट्री आणि बर्फ घातलेला गोड चहा. गॅलोवेनं नियम वाचून दाखवले. तिसरा नियम असा होता, की व्यक्तीचं नाव चालणार नाही, जिवंत असो वा मृत.

"हा नियम का बरं?" ओडेसानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाहीतर जो तो आपल्या आजीचं नाव पाठवेल हो," गॅलोवे म्हणाला. त्यानं गठ्ठा पुढे ओढला आणि पेस्ट्री खातखातच वाचत सुटला. "बिली, बाद. ग्रँडमा जून, बाद. अर्नेस्टिन, बाद." खालच्या ओळींकडे त्यानं पाहिलंही नाही. कागदाच्या कोपऱ्यावर पेस्ट्रीचा चुरा पडला तो त्यानं झटकला, एवढंच.

ओडेसा गप्प बसली. समितीतल्या माणसानं स्वतः नाव पाठवायचं नव्हतं. बोलली असती तर चोरी उघडी पडली असती. घरी जाऊन मात्र त्या गप्प बसण्याची तिला इतकी लाज वाटली की तिला जेवण गेलं नाही.

दिवसअखेर दहा नावं उरली होती. धैर्य, निष्ठा, संकल्प, जिद्द, आशा... सगळी त्याच माळेतली.

"आमच्या चर्चमध्ये अशा नावाच्या तिघी बहिणी आहेत," ओडेसा म्हणाली. "फेथ, होप आणि ग्रेस. एकीनंही आजवर खुर्ची उचललेली नाही."

सगळे हसले आणि दहाच्या दहा नावं मतदानाला गेली.

पहिल्या आठवड्यात 'संकल्प' एकतीस हजार मतांनी पुढे होतं. मग चिप डिलेन्सी मध्ये पडला. हा टीव्हीवरचा विदूषक. उंच फुगवलेल्या केसांसाठी आणि विनोद संपायच्या आत स्वतःच हसण्यासाठी प्रसिद्ध. मतदानाच्या पानावर खाली 'दुसरं काही सुचवायचंय?' अशी एक रिकामी चौकट गॅलोवेच्या हुशारीनं ठेवलेली होती. चिपनं आपल्या कार्यक्रमात ती चौकट दाखवली आणि प्रेक्षकांना म्हणाला, "दोस्तांनो, 'संकल्प' हे जिमचं वर्गणीपत्रक वाटतं. चंद्रावर माझं नाव पाठवा! मी एवढंच मागतोय, किडनी मागत नाहीये!"

चार दिवसांत चिपला नऊ लाख मतं पडली.

"नऊ लाख!" गॅलोवे शिवणघरात नाचतच आला. "आयुष्यात ज्यांनी कधी वर मान करून चंद्र पाहिला नाही, ते मतं देतायत!"

"आताही पाहिला नसेलच," ओडेसा म्हणाली. "ते टीव्हीकडे बघतायत, मिस्टर गॅलोवे. आणि तुमचा तिसरा नियम?"

गॅलोवेचं हसू जरा पातळ झालं. "त्याचा विचार वरती चालू आहे."

वरती विचार झाला. वॉशिंग्टनमध्ये त्या वर्षी अनुदान कापायची भाषा चालली होती आणि नऊ लाख मतदारांना नाराज करायची कोणाची छाती नव्हती. जूनमध्ये नियमांची नवी प्रत आली. जुनीच होती, फक्त तिसऱ्या नियमात एक शब्द वाढला होता. 'व्यक्तीचं नाव सहसा चालणार नाही.'

ओडेसानं ती प्रत जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. "बघ नोरीन. एवढ्याशा फटीतून तो अख्खा माणूस केसांसकट आत शिरला."

नोरीन ही तिच्या शेजारच्या मशीनवरची. अर्नेस्टिनबद्दल ओडेसानं फक्त तिलाच सांगितलं होतं. "आणि आपल्या म्हातारीला दार बंद," नोरीन म्हणाली.

पुढच्या सोमवारी गॅलोवे नवीन फर्मान घेऊन आला. गोधडीवर, समोरच्या बाजूला, वितभर उंचीच्या अक्षरांत 'चिप' शिवायचं. त्याच्यामागे हार्लन वीम्स उभा होता. यानाचं तापमान सांभाळणारा इंजिनिअर. हुशार माणूस, पण वरिष्ठ दिसला की त्याची मान कासवासारखी आत जायची.

"प्रत्येक टाक्याला एक भोक," ओडेसा म्हणाली. "प्रत्येक भोकातून ऊब जाते. नावासाठी सहाशे भोकं पाडू? मिस्टर वीम्स, चालेल का?"

वीम्स खाकरला. "म्हणजे... आदर्श नाही. पण अगदीच अशक्य असंही..."

"मग लिहून द्या. सहाशे भोकं पाडायला हरकत नाही, आणि खाली सही. तासाभरात शिवून देते."

वीम्सनं गॅलोवेकडे पाहिलं, गॅलोवेनं वीम्सकडे.

"मिस ओडेसा, कागद कशाला उगाच?" गॅलोवे म्हणाला. "आपण सगळे एका कुटुंबातले."

"आमच्या कुटुंबात सगळ्यांना सही येते."

दोघंही गेले. तीन दिवस तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. चंद्रावर नाव जावं म्हणून झटणारे शंभर जण निघाले, पण त्या कागदावर नाव घालायला एक तयार होईना. शेवटी कोणीतरी शहाणपण दाखवलं आणि समारंभापुरती पुठ्ठ्याची पाटी यानासमोर उभी करायची असं ठरलं.

त्या संध्याकाळी आवरताना नोरीन हळूच म्हणाली, "अगं, मी काय म्हणते. आतल्या थरात अर्नेस्टिनचं नाव शिवून टाकूया. बारीक. कोणाला कळणारे?"

ओडेसाचे हात थांबले. क्षणभर तिला ते हवंहवंसं वाटलं, इतकं की डोळे भरून आले. मग तिनं मान हलवली. "ती असती तर थोबाडीत मारून उसवायला लावलं असतं तिनं. कामाचा नसलेला एक टाका घालायचा नाही. त्याच्या नावाचाही नाही आणि तिच्याही नाही."

जुलैत चिप डिलेन्सी आला. बरोबर चौदा माणसं, त्यातली दोन नुसती केसांसाठी. यान ठेवलेल्या दालनात धुळीचा कण चालत नाही. आत जाणाऱ्यानं पांढरा डगला, हातमोजे आणि केस झाकणारी टोपी घालायचीच. ती घालून द्यायचं काम ओडेसाकडे होतं.

"टोपी नको," चिप म्हणाला. "लोक हे केस बघायला येतात."

"मग लोकांबरोबर काचेपलीकडून बघा."

"ही बाई कोण आहे?" चिपनं गॅलोवेला विचारलं.

"मिस ओडेसा! आमचं रत्न!" गॅलोवे घाईघाईनं म्हणाला.

चिपनं टोपी घातली, पण पुढून एक झुलूप बाहेर ठेवलं. पहिल्या दिवशी पोराला शाळेत सोडणारी आई त्याचा सदरा कोंबते तसं ते ओडेसानं आत कोंबलं आणि त्याला आत सोडलं.

कॅमेरे सुरू झाले. सोनेरी गोधडी पांघरलेल्या यानापुढे पुठ्ठ्याची पाटी उभी होती. चिपनं चार विनोद केले, मग ओडेसाच्या तोंडापुढे माइक धरला. "आणि आजी, तुम्ही काय नाव ठेवलं असतं?"

एप्रिलमध्ये गिळलेला शब्द आता तिच्यानं गिळवेना. "अर्नेस्टिन पूल," ती म्हणाली.

"ही कोण? बहीण?"

"जिनं मला हे शिवायला शिकवलं ती. एकतीस वर्षं तिनं—"

"वा! तिचा टीव्हीवर कार्यक्रम असता तर जमलं असतं की!" चिप म्हणाला आणि स्वतःच आधी हसला. मग गॅलोवे हसला, चौदा माणसं हसली. वीम्स आपल्या बुटांकडे बघत राहिला.

त्या हशाच्या भरातच चिप वळला आणि घोड्याच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी यानावर थाप मारून ओरडला, "शाब्बास रे चिप!"

टर्र झालं. त्याचा अंगठा मुळापर्यंत गोधडीत गेला होता.

चिपनं अंगठा बाहेर काढून पाहिला. "अरे, हा तर चॉकलेटचा कागद निघाला!" तो म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले.

ओडेसा हसली नाही, ओरडलीही नाही. पुढे झाली, चिपच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं आणि फाटलेल्या कडेवर हात धरून उभी राहिली. "झालं असेल तर आता बाहेर जा सगळे," ती म्हणाली. "माझं काम वाढलंय."

कार्यक्रमात थाप दाखवली, चॉकलेटचा कागदही दाखवला. अर्नेस्टिन पूल कापली गेली.

फाटलेली पट्टी पुन्हा पहिल्या थरापासून करायला तिघींना अकरा दिवस लागले. मग नुकसानीचा अहवाल सहीला आला. त्यात कारण छापूनच आणलं होतं: 'शिवणघराकडून हाताळणीत निष्काळजीपणा.'

ओडेसानं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि वर ठसठशीत लिहिलं: 'श्री. चिप डिलेन्सी यांचा उजवा अंगठा.'

"हे असं चालत नाही, मिस ओडेसा," गॅलोवे म्हणाला. आज तो हसत नव्हता. "हा कागद कायमचा दफ्तरात राहतो."

"म्हणूनच तर. नाव हवं होतं ना त्यांना? घ्या म्हणावं. नसेल चालत तर तुम्ही खोडा आणि खोडलं म्हणून सही करा."

गॅलोवे कागद घेऊन उभा राहिला. तेवढ्यात दारात रेंगाळणारा वीम्स आत आला, कान लाल झालेले. त्यानं कागद घेतला, ओडेसाच्या ओळीखाली लिहिलं 'मी पाहिलं', सही केली आणि निघून गेला.

"या माणसाला पाठीचा कणा आहे, हे मला आजच कळलं," नोरीन पुटपुटली.

"त्यालाही आजच कळलं असेल," ओडेसा म्हणाली.

रविवारी चर्चमध्ये बायकांनी ओडेसाला गराडा घातला. टीव्हीवर तिचा खांदा दिसला होता. यानाबद्दल कोणी विचारलं नाही. मिसेस स्ट्रिकलंडनं कानाशी लागून विचारलं, "खरं सांग हं, त्याचे केस खरे आहेत का गं?"

"केस खरे आहेत," ओडेसा म्हणाली. "बाकीच्याचं सांगता येत नाही."

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात यान चंद्रावर उतरलं. वर्तमानपत्रांनी 'चिप चंद्रावर' असे मथळे छापले. स्वतः चिपला आमंत्रण होतं, पण तो आला नाही. त्या आठवड्यात ओहायोतल्या एका प्राणिसंग्रहालयात पाणघोड्याचं पिल्लू जन्मलं होतं आणि त्याला आपलं नाव मिळावं म्हणून तो मतं मागत होता. गॅलोवेला बढती मिळून तो वॉशिंग्टनला गेला.

चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची असते आणि तिथली थंडी लोखंड फोडते. ती रात्र सरली त्या दुपारी शिवणघरातला फोन वाजला. वीम्स होता. त्याला धाप लागली होती, बहुतेक जिन्यावरून पळत आला असावा.

"मिस ओडेसा, आत्ताच आकडे आले. बाहेर उणे एकशे सत्तरपर्यंत गेलं होतं. आत पारा दोन अंशसुद्धा हलला नाही. दोन अंशसुद्धा!"

"कुठल्या पट्टीचं सांगताय? नव्या की जुन्यांचं?"

"सगळ्यांचं. नवीचंही."

ओडेसानं फोन खांद्यावर दाबून धरला आणि मशीनवरच्या कापडाची कड सरळ केली. नोरीन आणि बाकीच्या तिघी माना वर करून तिच्याकडे बघत होत्या.

"हलणार कसा?" ती फोनमध्ये म्हणाली. "मी शिवलंय ते." मग बायकांकडे बघत तिनं सुधारलं. "आम्ही."

तिनं फोन ठेवला, आणि पाचही मशिनं पुन्हा सुरू झाली.