डावं कोपर

एक सांगाडा बांधायला मला अकरा दिवस लागतात. लोकांना वाटतं, हाडं ती काय, तारेत ओवली की झालं. या म्हणावं एकदा आणि नुसती पायाची बोटं लावून दाखवा. डाव्याची उजव्याला लावाल आणि वर मलाच विचाराल, हा नीट उभा का राहत नाही. वैद्यकीय कॉलेजातल्या हाडांच्या खोलीत मी एकतीस वर्षं हेच करते. स्वच्छ होऊन आलेली हाडं मोजायची, बारीक भोकं पाडायची, तारा आणि स्प्रिंगा घालून माणूस पुन्हा उभा करायचा. दुसऱ्या एका कॉलेजचं कामही आमच्याकडेच येतं, कारण तिथे हे करणारं कुणी नाही.

त्या कॉलेजची एकेचाळीस नंबरची पेटी टेबलावर आली, तेव्हा मी नेहमीसारखी मोजणी केली. पेटीवर नंबर असतो, नाव कधीच नसतं. मोजताना मी नग बघते, माणूस बघत नाही. बघत बसले असते तर पहिल्याच वर्षी नोकरी सोडावी लागली असती. डोकं सगळ्यात शेवटी बसवतात, म्हणून कवटी आणि जबडा कापडात गुंडाळून बाजूला ठेवला. कणा झाला, बरगड्या झाल्या, उजवा हात झाला. सहाव्या दिवशी डावा हात घेतला, तर मेलं कोपर सरळच होईना.

दंडाच्या हाडाला खालच्या टोकाशी मागून एक खळगा असतो. हात सरळ केला की कोपराखालच्या हाडाचं टोक त्या खळग्यात जाऊन बसतं. इथे तो खळगा वाढलेल्या हाडाने अर्धा भरला होता. कधीतरी मोडून वेडंवाकडं जुळलेलं असणार. तेवढ्यात आमच्या विभागाच्या मॅडम फेरी मारायला आल्या. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, वाढलेलं हाड कानशीने घासून काढा, हात पुस्तकातल्यासारखा सरळ लोंबला पाहिजे, नाहीतर पहिल्या वर्षाची मुलं गोंधळतात. यात नवल काही नव्हतं. अशी चार कोपरं मी आजवर घासली आहेत. मी कानस उचलली, कोपर हातात धरलं, ते जिथे अडत होतं तिथपर्यंत नेलं, आणि तसंच धरून ठेवलं. बरोबर एवढ्याच वाकलेल्या कोपरावरून मी बावीस वर्षं स्वेटरची बाही चढवली होती.

कवटीचं कापड सोडलं. जबड्यात डावीकडची शेवटून दुसरी दाढ नव्हती. ती काढायला मास्तरांना मीच ओढत नेलं होतं.

मास्तर म्हणजे माझा नवरा. साहित्य शिकवायचे, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणायचे, आणि भांडण झालं की जरा जास्तच म्हणायचे. वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना ते शिडीवरून पडले आणि डावं कोपर मोडलं. हाड जुळलं, पण कोपर कायमचं अर्धवट वाकलेलं राहिलं, कारण साहेबांना पेपर तपासायचे होते आणि सांगितलेले व्यायाम करायला वेळ नव्हता. पुस्तक धरायला हा हात आता जास्त सोयीचा झालाय, असं वर मलाच ऐकवायचे. आमची लेक तेव्हा चार वर्षांची. रस्त्याने जाताना ती त्या कोपराला लटकायची आणि त्याला हँडल म्हणायची.

देहदानाचे अर्ज आम्ही दोघांनी एकत्रच भरले होते. मी इथे काम करते म्हणून त्यांना मुद्दाम दुसऱ्या कॉलेजात दिलं. आपल्या माणसाचा देह आपल्या हाताखाली येऊ नये, असा नियमच आहे. पण त्या कॉलेजची हाडं शेवटी माझ्याच टेबलावर येतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. एकतीस वर्षं याच खोलीत काढली आणि एवढं साधं सुचू नये, काय म्हणावं या अकलेला.

लेकीला देहदान पटलंच नव्हतं. मास्तर गेल्यावर तिने मला दुःखावरची तीन पुस्तकं आणून दिली. एक कादंबरी, एक कवितांचं, एक कुणा बाईने गेलेल्या नवऱ्याला लिहिलेली पत्रं. मी तिन्ही वाचली. जिकडेतिकडे माणूस गेलं की पाऊस लागतो, नाहीतर दिवा विझतो. मास्तर मुलांच्या कथांमधले असले दिवे लाल पेनाने खोडायचे. समासात लिहायचे, तेल संपलं असेल. आणि खाली एकच प्रश्न, दुसऱ्या दिवशी ती बाई काय करते? तर मास्तर, ही बाई दुसऱ्या दिवशी कामावर आली आणि तिने चोवीस बरगड्या पुसून ठेवल्या. रडू आलं नाही. पहिल्या महिन्यात नाही आणि दोन वर्षांत नाही. लेकीला वाटलं, हिला काही झालंच नाही. एकदा जेवता जेवता म्हणाली, "तुझ्याकडे निदान हाडं तरी आहेत आई, कुणाची का असेनात. माझ्याकडे काय आहे?" तेव्हापासून ती फोनवर कामापुरतंच बोलायची.

आता माझी पंचाईत बघा. बोलले, तर नियमाप्रमाणे पेटी माझ्याकडून जाणार, दुसरं कुणीतरी बांधणार आणि ते कोपर मुकाट्याने घासणार. गप्प बसले, तर मास्तर आणखी पाच दिवस माझ्याजवळ राहणार, पण कोपर मलाच घासावं लागणार. मी गप्प बसले. खरं सांगते, लाज वाटली नाही. दोन दिवस नुसती डाव्या हाताची बोटं लावत राहिले. एरवी हे अर्ध्या दिवसाचं काम. मनगटाची आठही हाडं एकेक करून तळहातावर घेतली, पण ती कुणाचीही असू शकली असती. माझी ओळख होती ती कोपराशीच.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, झालं का कोपर? मी कानस लावली आणि एकदा घासलं. पांढरी पूड ॲप्रनवर पडली. व्यायाम करा, हात सरळ करा, म्हणून बावीस वर्षं मी या माणसाशी भांडले, त्याने काही ऐकलं नाही, आणि आता तो काही बोलू शकत नाही म्हणून मी आपलंच खरं करायला निघाले होते. मी कानस खाली ठेवली आणि तशीच मॅडमच्या खोलीत गेले.

सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पेटी आजच हलवावी लागेल. तुम्हाला हे काम शिकवणारे वस्ताद निवृत्त झाले असले तरी हात चालतो त्यांचा. त्यांना बोलावून पुढचं करून घेऊ.

"न्या," मी म्हटलं. "पण कानस लावू देऊ नका. पुस्तकात हात सरळ असतो, यांचा नव्हता. मुलांना शिकवायचंच आहे ना, मग हेही शिकवा."

मॅडमनी कामाची चिठ्ठी पुढे ओढली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, डावं कोपर आहे तसं ठेवावं. दुपारी पेटी गेली. ॲप्रन मी धुवायला टाकला नाही, घडी घालून घरी नेला. चोरी म्हणा हवं तर.

चार महिन्यांनी मॅडमनीच त्या कॉलेजात शब्द टाकून मला सांगाडा बघायची परवानगी मिळवून दिली. मी लेकीला फोन केला. एक काम आहे, सोबत चल, एवढंच म्हटलं. कुरकुरली, पण आली. वर्गात भिंतीला लागून पाच सांगाडे उभे होते. एक विद्यार्थिनी तिथे वही घेऊन पाठ करत बसली होती. तिने आपणहून माहिती दिली, की चौथ्याचा हात सरळ होत नाही, तोंडी परीक्षेत हमखास त्याच्यावरच विचारतात, सगळे त्याला घाबरून असतात. "आम्ही त्यांना सर म्हणतो," ती हसून म्हणाली.

लेक चौथ्यापाशी थांबली. तिने कवटीकडे बघितलंच नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा त्या हाताकडे. मग तिने हळूच दोन बोटं कोपराच्या वाकात अडकवली.

"हँडल," ती म्हणाली.

मी होते तिथे फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले, दोन वर्षांचं सगळं, त्या परक्या पोरीसमोर. ती बिचारी घाबरून खुर्ची घेऊन आली. लेकीने मला एका हाताने धरून उठवलं आणि खुर्चीत बसवलं. दुसरा हात तिने कोपरातून काढला नाही.