बुल्टूची लाल

एकुलता मुलगा बुल्टू गेल्यावर काशीपूरच्या त्या गल्लीतल्या घरात तीनच जीव उरले: खगेनबाबू, त्यांची बायको मलिना आणि काचेच्या टाकीतली एक लाल मादी.

बुल्टू होता तेव्हा खगेनबाबूंनी त्या टाकीकडे कधी धड पाहिलंसुद्धा नव्हतं. "एकोणतीस वर्षांचा घोडा झालास आणि करतोस काय, तर माशांची बाळंतपणं! अरे, बंगाल्याच्या पोरानं मासा खावा!" असं येताजाता सुनवायचे. सोर्डटेल मासे अंडी घालत नाहीत, महिन्याच्या महिन्याला जिवंत पिल्लंच टाकतात, त्यामुळे थट्टेला तोटा नव्हता. बुल्टू नुसता हसायचा. आठ वर्षं निवडून निवडून त्यानं स्वतःचा एक वाण तयार केला होता. नर रक्तासारखा लाल, शेपटीच्या खालच्या टोकाला अंगाइतकी लांब तलवार आणि त्या तलवारीला दोन्ही बाजूंनी काजळाची असावी तशी काळी किनार. गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या हाटात लोक नाव घेऊन मागायचे, "बुल्टूची लाल आहे का?"

कालीपूजा झाली आणि बुल्टूला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी खेळ आटोपला. श्राद्ध होईपर्यंत घरात कोण शुद्धीवर होतं! टाकीतला हवेचा पंप कधी बंद पडला कुणाला कळलं नाही. पाहुणे पांगल्यावर खगेनबाबू त्या खोलीत गेले तर सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. एक मादी तेवढी पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून कशीबशी श्वास घेत होती.

टाकीतलं कुजकं पाणी, शेवाळ, वेली, सगळं बादल्या भरभरून त्यांनी अंगणातल्या सिमेंटच्या हौदात ओतलं आणि ताज्या पाण्यात ती एकटी मादी सोडली. त्या दिवसापासून खुर्ची टाकीसमोर आली ती हललीच नाही. पोर होतं तेव्हा ढुंकून पाहिलं नाही, आणि आता बैल गेला नि झोपा केला! पण हे बापाच्या तोंडावर कोण म्हणणार?

नोकुलदा म्हणजे हाटातला जुना खेळाडू, चाळीस वर्षं मासे वाढवलेला माणूस. तो भेटायला आला, मादीकडे पाहून म्हणाला, "खगेनदा, रडताय कशाला? ही रिकामी नाही. सोर्डटेलची मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते. नर मेला तरी पुढे चार-पाच वेळा विते. फक्त हिला एकटी ठेवा, परका नर हिच्या आसपास फिरकू देऊ नका. मग होईल ते बुल्टूच्याच वाणाचं."

झालं. म्हाताऱ्याला जगायला कारण मिळालं. मलिनाला वाटलं, मिळू दे बाई, कशानं का होईना.

पहिल्या खेपेला सकाळी उठून पाहतात तर मादीचं पोट सपाट आणि टाकीत एक पिल्लू नाही. आईनंच गिळली होती. सोर्डटेलला पोटचं नि परकं कळत नाही, समोर हललं की तोंड उघडतं. दुसऱ्या खेपेला खगेनबाबूंनी तिला जाळीत ठेवलं, पिल्लं खाली पडून वाचली. अकरा होती. त्यांनी आनंदाच्या भरात पाणी बदललं, थेट नळाचं. बुल्टू दोन दिवस पिंपात ठेवल्याशिवाय नळाचं पाणी वापरत नसे, त्यातलं औषध उडून जावं लागतं. दुपारच्या आत अकराच्या अकरा गेली. तिसऱ्या खेपेला, माघात, पिल्लं नाहीतच, नुसते चार पिवळे मणी पडले, न फळलेल्या अंड्यांचे.

नोकुलदा चुकचुकला. "संपलं वाटतं, खगेनदा. बीज तरी किती पुरणार?"

खगेनबाबू भिंतीकडे तोंड करून झोपले ते उठेचनात. पार्शे माशाचं कालवण, मोहरीचं वाटण लावलेलं, एरवी ताट चाटूनपुसून खाणारा माणूस. आता दोन घास घेऊन ताट सरकवायचा. "मी दोनदा मारलं त्याला," एवढंच बोलायचा. दाढी वाढली, पाय बारीक झाले. मलिना रात्रंदिवस एकच मोजत होती: पोर गेलं, आता हाही चालला. एका वर्षात दोन चितांना सामोरं जाण्याइतकी ती दगडाची नव्हती.

आणि एका सकाळी हौदातली जलपर्णी उपसताना तिच्या डोक्यात ते आलं. कार्तिकात टाकीतलं सगळं पाणी या हौदात ओतलं होतं. त्या पाण्यातून एखादं पिल्लू आलं असतं तर? या जलपर्णीखाली चार महिने वाढलं असतं तर? आलं नव्हतंच. पण असतं तर?

रविवारी ती देवळाची साडी नेसून, देवळात जाते म्हणून निघाली आणि हाटात पोचली. कालव्याच्या कडेला पक्षी, कुत्री, रोपं, सगळ्या गर्दीतून माशांच्या ओळीत आली. लाल टोपीवाल्या एका विक्रेत्याकडे सोर्डटेल होते. तिनं पूर्ण वाढलेला नर घेतला नाही. बाई मनाशी महिने मोजूनच आली होती. चार महिन्यांचा वाटेल असा, तलवार नुकती फुटलेली, लालभडक. काळी किनार एकाच बाजूला होती, पण म्हटलं, वाढेल की.

"हाच हवा? तो मोठा घ्या ना मावशी, शानदार आहे," टोपीवाला म्हणाला.

"मला शान नको, हाच दे." टोपीवाल्यानं ऐंशी सांगितले, तिनं ऐंशी दिले. जन्मात पहिल्यांदा घासाघीस न करता वस्तू घेतली. मग पिशवी पदराखाली धरून घरी आली आणि मागच्या दारानं जाऊन मासा हौदात सोडला.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्यावर मुद्दाम करवादली. "अहो, त्या हौदाला वास मारतोय. माणूस आजारी पडेल. जलपर्णी काढता की मी मरू एकटी?"

खगेनबाबू कुरकुरत उठले, लुंगी खोचून हौदाशी बसले. मलिना स्वयंपाकघरात कान देऊन उभी. आधी जलपर्णी आपटल्याचे आवाज, मग काहीच नाही. आणि मग अशी हाक आली की शेजारची बाई गच्चीतून वाकली.

"अगं मलिना! अगं ये लवकर! आहे गं! एक राहिलंय! पोरानं एक ठेवलंय आपल्यासाठी!"

म्हातारा हौदात उतरून गुडघाभर चिखलात उभा, दोन्ही हातांची ओंजळ, त्यात तो लाल नर, आणि डोळ्यांतून धारा. मलिनाही रडली. तिचं रडणं कशाचं हे त्याला कसं कळावं!

मग ती घाबरली, कारण खगेनबाबू ओंजळ घेऊन तडक टाकीकडे निघाले. बुल्टूचा एक नियम होता, कोळशानं भिंतीवर लिहिलेला: 'हाटाचा मासा, एकवीस दिवस निळा टब.' बाहेरून आणलेला मासा कितीही निरोगी दिसो, एकवीस दिवस वेगळा. कुठला रोग घेऊन आलाय कुणास ठाऊक. बुल्टूनं नोकुलदाच्या माशांनासुद्धा कधी सूट दिली नव्हती.

"अहो," मलिना मध्ये उभी राहिली, "जरा वेगळा ठेवा ना थोडे दिवस. त्या निळ्या टबात."

"टबात? का?"

"बुल्टू ठेवायचा."

"तो हाटाचे मासे ठेवायचा. हा काय हाटाचा आहे? अगं, घरचं पोर चार महिने बाहेर राहून परत आलं, त्याला कुणी उंबऱ्याबाहेर बसवतं का?"

एक वाक्य होतं बोलण्यासारखं, आणि ते बोलली असती तर ओंजळीतला मासा आणि समोरचा माणूस दोन्ही गेले असते. ती बाजूला झाली. नर टाकीत उतरला, मादीभोवती एक गिरकी मारली, आणि खगेनबाबू लहान मुलासारखे टाळ्या वाजवत हसले. त्या दिवशी ते दोन वेळा भात मागून जेवले.

पाच दिवस घरात सण होता. दाढी झाली, नोकुलदाला निरोप गेला, माशांना खायला ताजे किडे आणायला खगेनबाबू स्वतः बाजारात जाऊन आले. मादीही फुगीर दिसत होती. खाऊन माजली, म्हणाले. सहाव्या दिवशी मादीच्या परांवर रवा पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. सातव्या दिवशी अंगभर. ती दगडावर अंग घासत होती, पर मिटून कोपऱ्यात थरथरत होती. मीठ झालं, निळं औषध झालं, हीटर चढवून झाला. नराच्या अंगावर दोन-तीन ठिपके आले आणि गळून गेले. मादी नवव्या दिवशी सकाळी तळाशी आडवी पडली होती.

नोकुलदा आला तेव्हा खगेनबाबूंनी तिला बशीत ठेवलं होतं. त्यानं बशी खिडकीशी नेली, मादीला शेपटीनं धरून उजेडासमोर केलं.

"काय आहे?" खगेनबाबूंनी विचारलं.

"डोळे."

पोटाच्या पातळ कातडीतून काळे ठिपके दिसत होते, दोन-दोनच्या जोडीनं. पिल्लांचे डोळे. पूर्ण भरलेली, आज-उद्याची.

"नऊ दिवसांत डोळे येत नाहीत, खगेनदा. महिना लागतो. ही आधीचीच आहेत. बीज संपलं नव्हतं, मीच चुकीचं बोललो."

मलिनानं दाराची चौकट धरली. भरली होती. काही न करता नुसती गप्प बसली असती तरी बुल्टूची पिल्लं आज-उद्या त्या टाकीत पोहली असती. करायला गेली एक नि झालं भलतंच, आणि भलतं तरी किती!

"रोग आला कुठून पण?" नोकुलदा म्हणाला. "नवीन मासा आणला होता?"

"छे! बाहेरचं एक खवलं या घरात आलं नाही," खगेनबाबू म्हणाले, आणि मग थांबले. त्यांचा चेहरा बदलला. "किडे. किडे मी आणले, नोकुल. बाजारातून. धुतले नाहीत नीट." त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली, एकदा, दोनदा. "तिसऱ्यांदा! मी तिसऱ्यांदा मारलं त्याला!"

नोकुलदानं त्यांचा हात धरला. मग टाकीतल्या नराकडे, त्याच्या एका बाजूच्या किनारीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मलिनाला म्हणाला, "बौदी, चहा टाका थोडा."

चहा उतू गेला. मलिनाच्या ओठांवर ते वाक्य तीन दिवस होतं. सांगितलं तर नवऱ्याच्या डोक्यावरचं पाप उतरेल. पण मग टाकीत बुल्टूचं काहीच उरणार नाही, ऐंशी रुपयांचा एक परका मासा फक्त. न सांगावं तर हा माणूस जन्मभर स्वतःला जाळणार. दोन्ही बाजूंनी फासच. एकदा तिनं सुरुवात केलीही, "अहो, ऐका जरा..."

"नको. माझी चूक नाही असं सांगू नकोस मला." आणि टाकीकडे बोट दाखवून म्हणाले, "हा आहे ना अजून. याला मादी बघू. पोरगा आहे तो बुल्टूचा, त्याचं घर बसवायला नको? रविवारी चल तूही. सून निवडायला सासू लागते."

किती दिवसांनी केलेली थट्टा होती ती. मलिनाला नाही म्हणता आलं नाही. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढून ती निघाली.

हाटात ती त्या ओळीला वळसा घालायला पाहत होती, पण खगेनबाबू शोधत होते लाल माद्या, आणि लाल माद्या लाल टोपीवाल्याकडेच होत्या. ते वाकून भांडी न्याहाळू लागले. मलिना चार पावलं मागं, पोपटांच्या पिंजऱ्याआड.

"अरे मावशी!" टोपीवाला ओरडला. हाटवाले चेहरे विसरत नाहीत, त्यातून घासाघीस न करणारी बाई तर नाहीच. "तो छोटा नर जगला का हो? खरं सांगतो, त्या खेपेचे माझे सगळे गेले, पांढऱ्या ठिपक्यांनी. म्हटलं ती देवळाच्या साडीतली मावशी येऊन शिव्या देणार मला!"

खगेनबाबू वाकलेलेच राहिले. हात भांड्याच्या काठावर होता तो तसाच. मग सावकाश सरळ झाले, टोपीवाल्याकडे पाहिलं, वळून मलिनाकडे पाहिलं. तिनं खाली पाहिलं. एवढ्यात सगळं झालं.

"जगला," ते टोपीवाल्याला म्हणाले. "ती मादी दे. ती, पलीकडची."

पाण्यानं भरलेली पिशवी घेऊन दोघं कालव्याच्या कडेनं परतले. ते पुढे, ती मागे. पुलावर ते थांबले, मागे न वळता विचारलं, "किती दिलेस?"

"ऐंशी."

"चाळीसचा मासा." थोडं चालून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "लुबाडलं तुला."

तिला वाटलं आता ओरडतील, मारतील, निदान रडतील. त्यातलं काहीच नाही. घरी येऊन त्यांनी निळा टब घासला, दोन दिवसांचं मुरलेलं पाणी भरलं, मादीला त्यात सोडलं आणि भिंतीवर तारीख लिहिली. मग आपली खुर्ची उचलली. कार्तिकापासून टाकीसमोर होती ती. ती नेऊन अंगणात, हौदाकडे पाठ करून ठेवली.

माणूस दिसल्यावर टाकीतला नर काचेशी आला, तोंड उघडझाप करत. सवय लागली होती त्याला. मलिना दारात उभी होती. खगेनबाबूंनी किड्यांची डबी फळीवरून काढून तिच्या हातात दिली.

"उद्यापासून त्याला तू घालत जा खायला," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन बसले.