चार नंबरची पेटी

माझं तोंड फटकळ आहे, हे राजारामपुरीत कुणालाही विचारा. पण त्या दिवशी लाईनमन कृष्णात पक्कड घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मी चक्क हात जोडले.

"आजचा दिवस सोड. उद्या ये, मीच तुला मीटरची पेटी उघडून देते."

"ताई, मागच्या बारीला बी तुम्ही उद्याच म्हणालतासा. आज वरनं ऑर्डर हाय. लाईट तोडल्याबिगर गेलो तर माझी खैर न्हाय."

माझा धंदा अंडी उबवून द्यायचा. कोडोलीपासून नेसरीपर्यंतच्या बायका गावरान कोंबड्यांची अंडी आणून देतात, मी ती मशीनमध्ये ठेवते आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं घेऊन त्या जातात. एक खेप निघायच्या आधी दुसरी आत गेलेली असते. त्यामुळं मशीन कधी म्हणजे कधी बंद नसतं. बंद पडलं तर आतला जीव गार पडतो, दुसरं काय. आणि इन्व्हर्टरची बॅटरी इतकी म्हातारी झालेली, की तिच्यावर पंखासुद्धा धड फिरत नव्हता.

त्या दिवशी मशीनमध्ये यल्लव्वाची अंडी होती आणि पिल्लांनी आतून टोचायला सुरुवात केली होती.

यल्लव्वा नेसरीची. पहाटेच्या एस्टीनं येऊन मांडीवर रिकामी पाटी घेऊन मशीनसमोर बसली होती. माझ्याकडं अंडी देऊन ती घरी गेली आणि त्याच आठवड्यात तिच्या दारातल्या झाडून सगळ्या कोंबड्या मानमोडीच्या रोगानं मेल्या. उघड्या मानेची जात होती ती, तिच्या सासूच्या हातापासून चालत आलेली. गावात दुसऱ्या कुणाकडं नाही. आता सासूच्या त्या वंशाचं जगात जे काही उरलं होतं, ते माझ्या मशीनमध्ये होतं.

"तंगी, काय म्हणतोय गं त्यो?" तिनं विचारलं. तिकडं सीमेकडं कानडी मिसळूनच बोलतात, तंगी म्हणजे धाकटी बहीण.

"काही नाही यल्लव्वा. तू बस."

काही नाही कसलं! दिवाळीनंतर माझं बिल जे वाढलं ते वाढतच गेलं. आकडा बघून डोळे पांढरे व्हायची वेळ. मी ऑफिसात खेटे घातले. साहेब मीटरचा फोटो दाखवायचे. "मीटर नंबर जुळतोय, रीडिंग जुळतंय, मीटर तपासून झालं, त्यातही दोष नाही. मग बाई, वापर कमी करा." अहो, माझं मशीन घरातल्या कपाटाएवढं! मी म्हटलं, जे वापरलंच नाही त्याचे पैसे मी भरणार नाही, माझा बाप आला तरी भरणार नाही. मी माझ्या हिशेबानं भरत राहिले आणि थकबाकी साठत गेली. मग फोन सुरू झाले. मग एक दिवस माझ्या शटरवर नोटीस चिकटवली, चांगली खळ लावून, अख्ख्या गल्लीला वाचता येईल अशी. शाळेतली पोरंसुद्धा थांबून मोठ्यानं वाचायची. मी ती फाडली नाही. कायद्याचा कागद, फाडला तर त्याचा आणखी एक गुन्हा माझ्या नावावर चढवतील, ही भीती. रोज तेच शटर वर करायचं आणि मान खाली घालायची.

दुसरं कुणी असतं तर सगळं बंद करून मीटर फिरतंय का बघितलं असतं. मला ते कधी जमणारच नव्हतं. मशीन बंद करायचं कसं?

शेजारच्या गाळ्यात उदयसिंहचं आईस्क्रीमचं दुकान. गल्ल्यावर त्याची आई बसते, तिला सगळे आक्का म्हणतात. उदयसिंह माझी रोज चेष्टा करायचा.

"मागल्या खंडेनवमीला मी मीटरची सेवा केली गं. पेट्यांची दारं काढून रंगवली. बघ, बिल निम्म्याच्या बी खाली आलं! तू बी कुंकू लाव की एकदा."

"तुझ्या मीटरला कुंकू आणि माझ्या कपाळाला आठ्या," मी म्हणायची.

खंडेनवमीला लोक हत्यारं, अवजारं, गाड्या पुजतात. आमच्या इमारतीत मीटरही पुजतात. आम्ही बौद्ध, आमच्यात हे नाही. मी गाळा घेतला त्या वर्षी आक्का कुंकवाची वाटी घेऊन माझ्या मीटरच्या पेटीपुढं थांबल्या होत्या. "लावू का गं?" मी म्हटलं, "नको आक्का, आमच्यात नसतं." "बरं, नगं तर नगं," म्हणून पुढच्या पेटीकडं गेल्या. तेव्हापासून दरवर्षी माझी तेवढी पेटी सोडून जातात. त्यात राग नाही की रुसवा नाही. बुद्धपौर्णिमेला माझ्या हातची खीर मात्र मागून खातात.

तर कृष्णात काही ऐकेना. जिन्याखाली सहा पेट्या ओळीनं, निळ्या रंगाच्या, प्रत्येक दारावर गाळ्याचा नंबर आणि नाव. मी त्याच्या मागं मागं गेले.

"कृष्णात, आतून जीव बाहेर यायला लागलेत रे. संध्याकाळपर्यंत थांब. तुझ्या लेकराबाळांची शपथ घालते."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. वाईट माणूस नव्हता तो, म्हणूनच बघितलं नसेल. त्यानं चार नंबरची पेटी उघडली, फ्यूज उपसला आणि पक्कड घालून तार तोडली. कट्.

मी पळत आत आले आणि मशीनच्या काचेवर दोन्ही हात ठेवले. मला वाटलं, निदान हाताची ऊब तरी. यल्लव्वानं डोळे मिटून घेतले होते.

मशीन चालूच होतं.

दिवा चालू, पंखा चालू. इन्व्हर्टर म्हणावं तर तो ढिम्म, त्याला लाईट गेल्याचा पत्ताच नाही. मी खुळ्यासारखी बघत राहिले. एवढ्यात शेजारून उदयसिंहचा आवाज आला, "अरं ए! लाईट कुणी घालवली? माझं फ्रीझर बंद पडलं की!"

कृष्णात माझ्या दारात आला आणि आतला दिवा बघून त्याचा चेहराच बदलला.

"तुमची लाईट तोडली न्हवं मी? मग ही कुठनं आली?"

"मला काय माहीत!"

"तुम्हास्नी न्हाई तर कुणाला माहीत? चोरून जोडलंय दुसरीकडनं! आन् वर मला शपथा घालतासा!" तो ओरडायलाच लागला. "आता तुमच्या गाळ्यात येणारी तार हुडकून तोडतो आन् पथक बोलावतो. चोरीची केस हुईल, कळलं का?"

गल्लीत माणसं जमायला काय वेळ लागतो? औषधाच्या दुकानातली आली, क्लासची पोरं आली. मागून कुणीतरी म्हणालं, "वाटलंच होतं." काय वाटलं होतं? कधीपासून वाटत होतं? बापाची पेन्शन आणि माझे दागिने घालून उभा केलेला धंदा, आणि ह्यांना वाटलंच होतं! रडू येत होतं आणि रागही असा येत होता, की हातात येईल ते फेकून मारावं.

तेव्हा मी उदयसिंहकडं बघितलं. तो त्याच्या अंधाऱ्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं स्वतःच्या बंद फ्रीझरकडं बघितलं, माझ्या चालू दिव्याकडं बघितलं, मग चार नंबरच्या पेटीकडं बघितलं. त्याला कळलं. मला नव्हतं कळलं अजून, पण त्याला काहीतरी कळलंय एवढं मला दिसलं.

"उदय, बोल की काहीतरी," मी म्हटलं.

तो पायरीवरच्या चपला सरळ करायला लागला.

कृष्णातनं माझ्या गाळ्याच्या तारेचा माग काढत पाच नंबरची पेटी उघडली. आत हात घातला, फ्यूजवर बोटं ठेवली. गाळ्यात यल्लव्वा रडवेल्या आवाजात म्हणत होती, "फुटलं गं तंगी, एक फुटलं, ये की लवकर." आणि मी जागची हलू शकत नव्हते.

"थांब रं!"

आक्का. गुडघे धरत धरत त्या जिन्यापाशी आल्या होत्या.

"हात काढ पयला. ती पेटी आमची न्हवं."

"दारावर पाच नंबर हाय, नाव हाय तुमचं," कृष्णात म्हणाला.

"नाव गेलं उडत. आत बघ. कुकू हाय का?"

कृष्णातनं वाकून बघितलं. मीही बघितलं. मीटर नवं, पण मागची लाकडी फळी जुनीच, धुळकट, कोरी. कुंकवाचा एक ठिपका नाही.

"आता त्या चार नंबरात बघ."

चार नंबरच्या फळीवर हळदीकुंकवाचे थरावर थर होते, वाळून तडकलेले. बोटांचे ठसेसुद्धा दिसत होते.

"दरसाली ह्या बोटानं लावतो मी," आक्का म्हणाल्या. "दीक्षाच्या पेटीला कधी बोट लावलं न्हाई, ती नगं म्हणाली म्हणून. मग तिच्या दाराआड माझं कुकू आलं कुठनं? सहा पेट्यांत बिनकुकवाची एकच असती, आन् ती हिची."

"आये, तू गप बस," उदयसिंह पहिल्यांदा बोलला.

"का गप बसू? तुला फुटलं न्हाई तोंड, मला बी फुटू नगं? त्या पोरीला चोर म्हणत्यात रं गल्लीत! दारं रंगवून कुणी बसवली? मी का तू?"

मग ते हळूहळू त्याच्या तोंडून निघालं. पूर्वी पेट्यांचा क्रम वेगळा होता. त्याचं कनेक्शन माझ्या आधीचं, म्हणून पाच नंबरची त्याची पेटी आधी आणि चार नंबरची माझी नंतर. खंडेनवमीची पूजा झाली तेव्हा दारं भिंतीला वाळत होती. वाळल्यावर ह्यानं शहाणपणा केला: चारनंतर पाच यायला हवं म्हणून नंबराच्या ओळीनं लावली. दिवाळीनंतर कंत्राटदाराची माणसं नवी मीटर बसवायला आली, त्यांनी दारावरचं नाव वाचलं आणि मीटर त्या नावावर चढवलं. तेव्हापासून त्याचं फ्रीझर चालायचं आणि बिल मला यायचं. मी ऑफिसात नंबर जुळवत बसले होते. जुळणारच की, चुकीच्या दाराआडचा नंबर!

"मला बी आत्ताच कळलं, शपथ," उदयसिंह म्हणाला. "मला वाटलंतं पूजा पावली."

"कळलं तेव्हा का बोलला नाहीस?" मी विचारलं.

तो परत चपलांकडं बघायला लागला.

"आयला," म्हणून कृष्णातनं पाच नंबरची पेटी हळूच लावली, झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तशी. "ताई, चुकलं माझं. मी साहेबास्नी सांगतो, उद्या पंचनामा हुईल."

"आन् माझी लाईट जोड की," उदयसिंह म्हणाला.

"कशी जोडू? थकबाकी ह्याच मीटरवर हाय. म्हंजी तुमचीच की. साहेब ठरवतील तवर बंद." आणि तो गाडीला किक मारून गेला.

मी आत धावले. ट्रेमध्ये एक ओलं पिल्लू आडवं पडून धापा टाकत होतं. मान उघडी, लालबुंद. यल्लव्वा काचेला नाक लावून बसली होती. "माझ्या सासूची कोंबडी आली गं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. मीही रडले. लाज कसली त्यात? दुसऱ्या अंड्याला चीर पडली होती.

थोड्या वेळानं दारात सावली पडली. उदयसिंह, हातात लांब वायरचं बंडल.

"दीक्षा, फ्रीझरपुरती लाईट दे की. लग्नाची ऑर्डर हाय, सगळं पाणी हुईल."

सकाळी मी अशीच हात जोडून उभी होते, हे मला आठवलं. त्याला हाकलून द्यावं असं मनात आलं, खोटं कशाला सांगू?

"देते," मी म्हटलं. "आधी माझ्या शटरवरची नोटीस काढ. तुझ्या हातानं. ही सगळी माणसं बघतायत तोवर."

त्यानं वायर खाली ठेवली आणि शटर अर्धं खाली ओढलं. खळ घट्ट वाळली होती, कागद चिमटी चिमटीनं निघत होता. तो नखानं खरवडत राहिला, घामाघूम झाला. जमलेली माणसं एकेक करून पांगायला लागली तसा मी आवाज दिला, "थांबा की, नोटीस वाचायला थांबत होता ना, आता हे बी बघा." दोघं-तिघं मान खाली घालून थांबले.

आक्का दुकानातून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं, कागद भिजवायला लेकाला देतील. त्या त्याच्या पाठीमागून वाकून आत आल्या आणि तांब्या यल्लव्वाच्या हातात दिला.

"पाव्हणं, सकाळधरनं बसलाईसा. पाणी प्या," त्या म्हणाल्या.

शेवटचा तुकडा निघाला, तेव्हा मी वायरची पिन माझ्या बोर्डात लावली.