कप्तानने भरून ठेवलेली बॅटरी

वहिनींचा फोन आला तो विमानाचं झाकण बसत नाही म्हणून.

"भाऊजी, तुमचा तो बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन या. चार दिवस झाले, पोटावरचं झाकण वर आलंय. चिकटपट्टी लावली तर तीही सुटली."

रिमोटवर उडणाऱ्या विमानात त्या झाकणाखाली बॅटरी असते, आणि झाकण आपणहून वर येत नाही. आतली बॅटरी फुगली की येतं.

मी घड्याळजी. 'पाच मिनिटांत येतो' ही पाटी माझ्या दुकानावर अर्धा अर्धा दिवस लटकत असते. तीच लावली आणि निघालो.

विमान कप्तानचं. कप्तान म्हणजे वहिनींचे यजमान, माझा चाळीस वर्षांचा मित्र. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फायली सरकवल्या, खऱ्या विमानात एकदाही बसला नाही, पण रविवारी मैदानावर रिमोट हातात घेतला की सगळे त्याला कप्तान म्हणायचे. आम्हा विमान उडवणाऱ्यांची एक खोड आहे. शनिवारी संध्याकाळी बॅटऱ्या काठोकाठ भरून ठेवायच्या, म्हणजे रविवारी सकाळी खोळंबा नको. दोन-तीन दिवसांत उडवायचं नसेल तर निम्मी उतरवून ठेवा, असं बॅटरीसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद आमच्यापैकी कोणी वाचला असेल तर शपथ. रविवार काय, उद्याच तर आहे! कप्तानने शनिवारी बॅटरी भरली, विमानात बसवली आणि रविवारी पहाटे झोपेतच गेला. हृदय थांबलं, म्हणाले डॉक्टर. त्याला आता आठ महिने झाले.

बॅटरी तेव्हाच काढायला हवी, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. पण त्या विमानासमोर जायची मला लाज वाटत होती. का, ते पुढे सांगतो.

वहिनींनी विमान पलंगाच्या डोक्याशी फळीवर ठेवलं होतं. खाली त्यांची उशी, शेजारी खिडकीचा पडदा. झाकण बोटभर वर आलेलं. आतली चंदेरी बॅटरी विटेसारखी चपटी असायला हवी, ती टम्म फुगली होती. वास घेतला. गोडसर, नेलपॉलिशसारखा.

"एक स्क्रू पिळलात की बसेल," म्हणत वहिनींनी झाकणावर तळहात ठेवला.

"दाबू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की त्या दचकल्या. "हिला भोक पडलं तर भडका उडेल. विझवायला उसंत मिळणार नाही. आणि तुम्ही रोज हिच्याखाली डोकं ठेवून झोपताय!"

"मग विमान घेऊन जा."

"विमान राहू दे तुम्हाला. बॅटरी द्या."

"उलटं सांगतेय मी. विमान न्या, बॅटरी देणार नाही."

मला राग आला. मी तसाही तापट, गिऱ्हाइकांना विचारा. काही लागट बोलणार होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "त्यांनी हातांनी केलेलं शेवटचं काम ते. त्यांचे कपडे मी धुतले, चष्मा पुसून ठेवला. सगळं रिकामं झालं. ही एकच वस्तू त्यांनी भरलेली आहे. अजून असेल ना आत?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आहे," मी म्हणालो. "आणि ते बाहेर काढता येतं. तुम्हाला दिसेल असं. कोंडून ठेवलंत तर एक दिवस तुम्हालाच घेऊन जाईल."

वहिनी बाजूला झाल्या.

विमान जसंच्या तसं उचलून आधी गच्चीवर उघड्यावर नेलं. मग शेजारच्या बांधकामावरून लोखंडी बादलीभर वाळू आणली, दुकानातून गाडीच्या मागच्या दिव्याचा बल्ब आणि दहा हात वायर. बॅटरी हळूच सोडवून वाळूवर ठेवली. बादली कठड्यापाशी, बल्ब लांब आमच्या पायाशी. आता फक्त वायरीची पिन बॅटरीच्या पिनेत घालायची होती. मला ते जमेना. पिन नुसती कडेला आपटत होती. वहिनींनी माझं मनगट धरलं, तेव्हा ती बसली.

दोघेही लगेच मागे येऊन बसलो. बल्ब पेटला, चार वाजताच्या उन्हातसुद्धा चांगला ठळक. वहिनींनी पदराची सावली केली आणि बघत राहिल्या.

"किती वेळ चालेल?"

"तासभर."

त्या उजेडापुढे मला गप्प बसवेना. "वहिनी, कप्तान गेला त्याच्या आदल्या रविवारी त्याने मला विमान उडवायला दिलं होतं. उतरवताना माझा हात थरथरला. विमान नाकावर आपटलं. आपटलेली बॅटरी अर्धा तास वाळूत ठेवून बघायची, हा मैदानावरचा नियम. पण नियम पाळायचा तर सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. घड्याळजीचा हात थरथरतो हे कळल्यावर घड्याळ कोण देणार? मी नुसती वरवर बघितली आणि म्हणालो, ठणठणीत आहे."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

"कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"घरी आल्यावर त्यांनी मला दाखवली. कोपरा चेपला होता. मी म्हटलं, द्या टाकून. तर म्हणाले, टाकली तर घड्याळजी विचारेल कुठे गेली, आणि मला कळलंय हे त्याला कळेल. हाताचं त्याला स्वतःहून सांगू दे. मग शनिवारी बाल्कनीत चार्जिंगला लावली आणि स्टूल टाकून शेजारी बसले. पूर्ण होईपर्यंत जेवायला उठले नाहीत. मला वाटलं, हौस आहे. राखण होती ती, हे आज कळतंय."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मी त्याला सांगितलं नाही, त्याने मला विचारलं नाही, आणि आमच्या दोघांच्या भिडेने या बाईच्या उशाशी आग नेऊन ठेवली.

चाळीस मिनिटंही झाली नसतील, बल्ब पिवळा पडला. मग तांबडा. आत एक तार तेवढी दिसत राहिली. वहिनी पुढे वाकल्या.

"तासभर म्हणाला होतात."

"आजारी बॅटरी आहे, वहिनी. एवढंच उरलं होतं."

तार विझली. वहिनींनी पदराची सावली तशीच धरून ठेवली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि पदर खांद्यावर घेतला.

"आज रात्री वाळूतच राहू दे," मी म्हणालो. "उद्या टाकाऊ बॅटऱ्या घेतात तिथे देऊन येतो."

मी बल्ब सोडवायला वाकलो, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. तुमच्या घरी अशा फुगलेल्या किती आहेत?"

"एकही नाही."

त्या नुसत्या बघत राहिल्या, माझ्या हाताकडे.

"तीन," मी म्हणालो. "पलंगाखाली."

"घेऊन या," वहिनी म्हणाल्या. "मी बसते."