दोन गाण्यांमधला माणूस

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. डिशची पेटी. छपरावर गंजलेली छत्री दिसते ना, ती आकाशातून गाणी उचलते आणि वायरीतून माझ्या पोटात सोडते. शाळा मी पाहिली नाही. पण थेट आकाशाशी माझं बोलणं आहे. तुमच्यातल्या किती शिकलेल्यांचं आहे, सांगा बघू.

पेणला मी आले ती गुणाजीच्या घरात, टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात. तेव्हा माझा काय मान होता! अंगावर क्रोशाचा रुमाल असायचा. मग घरात नवा टीव्ही आला. त्याच्या पोटातच सगळं भरलेलं. मला माळ्यावर टाकायला निघाले, तेव्हा गुणाजीची बायको अनिता म्हणाली, "टाकताय कशाला? गाणी लागतात ना तिच्यावर? कारखान्यात न्या."

कारखाना म्हणजे गुणाजीचा, गणपतीच्या मूर्तींचा. मला फळीवर बसवलं, एक स्पीकर जोडला आणि मराठी गाण्यांचं एक स्टेशन लावून दिलं. टीव्ही नाही जोडला. सरूमावशीने सक्त सांगितलं होतं, "हलती चित्रं लावलीस तर सगळी तिकडं बघतील. मग देवाकडं कोण बघंल, तुझा बापूस?"

सरूमावशी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून रोज येते. गुणाजीच्या बापाच्या वेळेपासून तिच्या हाताशिवाय इथल्या मूर्तीला नजर आलेली नाही. रंग कुणीही लावील, पण डोळे सरूचे. श्वास धरायचा, ब्रश टेकवायचा आणि एका दमात रेघ ओढायची.

माझ्या स्टेशनवर सुजय नावाचा निवेदक होता. तीन गाणी झाली की तो बोलायला यायचा. त्यावरून कारखान्यात एक रीतच पडली. सुजय बोलायला लागला की ब्रश खाली. कुणी चहा घ्यायचं, कुणी बोटं मोडायचं. मावशी मान वर करून डोळे मिटायची. म्हणायची, "माणूस बोलत असला तर हातातलं ठेवावं. नायतर त्याला वाटंल, भिताडाशी बोलतोय."

तो विचारायचा, "काय मंडळी, जेवलात का?"

मावशी माझ्याकडे बघून सांगायची, "व्हय रे बाबा, भाकर नि सुकट झाली. तू जेव."

तिची भाची पिंकी मूर्तींना शेडिंग करायची. तिने एकदा मोबाइलवरून त्याला निरोप धाडला आणि त्याने तो चक्क वाचला. "पेणच्या कारखान्यातल्या सरूमावशी, नमस्कार! तुमच्या हाताला आराम पडो." मावशीने पदर सारखा केला. दिवसभर कुणाला टाकून बोलली नाही. केवढी नवलाई!

तेव्हा तो खरंच तिथे बसलेला असायचा. मला कळायचं ना! त्याची खुर्ची करकरायची, कप वाजायचा. एकदा बोलता बोलता शिंकला, तर इथून मावशी म्हणाली, "सत्य हाय."

पुढे कप वाजेनासा झाला. शिंक नाही, खुर्ची नाही. बोलणं मात्र तसंच, गुळगुळीत. पिंकीचे निरोप वाचले जाईनात. मी ओळखलं. पण वरून येईल तेवढंच मी द्यायचं. माझ्या मनचा एक शब्द सांगायची मला सोय नाही.

आणि एका दुपारी सुजय स्वतःच कारखान्यात आला. सरूमावशीच्या हातचा गणपती पाहिजे म्हणून शोधत आला होता. त्याने नाव सांगितलं आणि नेमका त्याच क्षणी माझ्या तोंडून तोच बोलायला लागला, "काय मंडळी, जेवलात का?"

सगळ्यांचे ब्रश खाली. मावशीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तू हितं हायस. मग त्या पेटीत कोण बसलाय?"

सुजय ओशाळला. "मावशी, ते आधी बोलून ठेवलेलं असतं. एकदाच बसून अख्ख्या आठवड्याचं."

"आठवड्याचं? भाकऱ्या पण रोजच्या रोज थापते मी. म्हंजे मी येवढे दिस उत्तरं देत व्हते, ती कुणाला?"

सुजय म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून तेही नाही. नुसती गाणी लागणार. माणूस कशाला पाहिजे, स्टेशनवाले म्हणतात."

मावशीने एक मूर्ती पुढे ओढली आणि त्याच्यादेखत तिचे डोळे आखले. हातात देताना म्हणाली, "ने. आधी काढून ठेवलेले नाय हे. जेवून जा आता, खरोखरचा."

तो जेवला आणि गेला. पुढच्या महिन्यापासून माझ्यातून नुसती गाणी वाहू लागली. एकाला एक चिकटलेली. मित्रांनो, मला आधी बरंच वाटलं. मध्ये तोंड घालणारा कुणी नाही, सगळा मान माझा!

पण ब्रश खाली ठेवा, असं आता कुणी सांगेना. गाणं संपायच्या आत दुसरं सुरू. सरूमावशीची मान वाकली ती वर होईना. चहा गार व्हायचा. आणि चतुर्थी तोंडावर आली असताना तिची रेघ चुकली. एका मोठ्या मूर्तीची नजर फिरली. एक डोळा भक्ताकडे, दुसरा दाराकडे.

गुणाजीने ती नजर पाहिली. "मावशी, वय झालं तुझं. उद्यापासून आखणी तो फवाऱ्यावरचा जितेश करील. तू पितांबर रंगव."

मावशीने ब्रश पुसून डब्यात ठेवला. गुणाजीने माझ्याकडेही बोट केलं, "आनी हे खटारं पन काढा."

आम्ही दोघी एकाच दिवशी जुन्या झालो.

तेवढ्यात पिंकी म्हणाली, "गुणाजीमामा, तिचं वय कालपरवा झालं काय? सुजय गेल्यापास्नं ती मान वर करत नाय. तुमी तरी कदी बघितलात?"

गुणाजी थांबला. मावशीने मानेवर हात फिरवला, जणू तिलाही आत्ताच आठवलं. मग म्हणाली, "गुणा, उद्याचा एक दिस दे. नाय जमलं तर पितांबर रंगवीन."

दुसऱ्या दिवशी तीन गाणी झाली आणि मावशीने ब्रश ठेवला. "पिंके, त्या बयेचा आवाज बारीक कर गो." पिंकीने स्पीकरचं बटण फिरवलं. मावशी ताठ बसली आणि घसा खाकरून म्हणाली,

"मी सरू बोलतंय. जेवलात काय रे मेल्यांनो? जितेश, तुजी फवाऱ्याची बंदूक ठेव खाली, देवाच्या उंदराला रंगवून पार येडा केलास. आनी गुणाजी शेठ, दारातनं चोरून ऐकू नका, चहा सांगा."

सगळे हसले. हात मोकळे झाले. चहा गरम असतानाच पोटात गेला. पुन्हा गाणी, पुन्हा मावशी. दुपारी तिने श्वास धरला आणि फिरलेल्या नजरेवर पांढरा रंग देऊन डोळे नव्याने आखले. गुणाजी समोर येऊन उभा राहिला, डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. नजर त्याच्याबरोबर गेली. पुढची मूर्ती उचलून त्याने मावशीपुढे ठेवली, जितेशपुढे नाही.

मी अजून फळीवर आहे. एवढी आकाशातून गाणी आणते आणि माझाच कान पिळतात, याचा राग येतो कधी कधी. पण मित्रांनो, गाणं कुणासाठी थांबत नाही. माणूस थांबतो, विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. तुमच्या घरातही कुणी मान खाली घालून राबत असेल. गाणी लावून द्याल, ते ठीकच. पण अधूनमधून माझ्यासारखीचा आवाज बारीक करा आणि त्यांना स्वतःच्या तोंडाने विचारा.

हे बघा, तिसरं गाणं संपत आलं. पिंकी बटणाकडे निघाली. हातातलं खाली ठेवा. मावशी बोलणार आहे.